१०० पैकी ६३ दाणे उगवले, पिशवीवर ७०% छापलंय. दावा खोटा म्हणायचा का?

(मंचावरची चर्चा; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पेरणीआधी (प्रश्न)

सोयाबीनच्या ३० किलोच्या पिशवीवर उगवणक्षमता किमान ७०% असं छापलेलं आहे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत १०० दाणे लावले. आठव्या दिवशी मोजले तर ६३ उगवलेले. गटात दोन तट पडलेत. एक म्हणतो, ७० च्या खाली म्हणजे फसवणूक, तक्रार करा. दुसरा म्हणतो, सात दाण्यांचं काय घेऊन बसलात.

प्रमाणाची झेड चाचणी (दाव्यापासूनचा फरक योगायोगाच्या चढउताराच्या किती पट आहे ते पाहणारी) लावून पाहिली ती अशी:

शून्य परिकल्पना (आधी खरं धरलेला दावा): प्रमाण = ०.७०
पर्यायी परिकल्पना: प्रमाण ०.७० नाही
प्रमाण त्रुटी (नुसत्या योगायोगाने होणारी चढउतार) = (०.६३ × ०.३७ ÷ १००) चं वर्गमूळ = ०.०४८३
झेड = (०.६३ − ०.७०) ÷ ०.०४८३ = −१.४५
पी-व्हॅल्यू = ०.१४७

०.०५ पेक्षा जास्त, म्हणून दावा खरा ठरला असा निष्कर्ष काढला. पण एका कॅल्क्युलेटरवर झेड −१.५३ येतंय. कुठलं बरोबर? ०.१४७ चा अर्थ दावा खरा असण्याची शक्यता साधारण १५% असा घ्यायचा का? तसं असेल तर १५% शक्यतेवर दावा खरा ठरला कसा, हेही कळत नाही. आणि १०० दाणे पुरेसे आहेत का?

---

काई-वर्ग

शेवटच्या दोन वाक्यांतली शंका रास्त आहे. गोंधळ तुमच्या गणितात कमी आणि पी-व्हॅल्यूच्या अर्थात जास्त आहे. आधी गणित उरकू.

प्रमाण त्रुटीत ०.६३ नाही, ०.७० घालायचं. चाचणीचा सगळा युक्तिवाद "क्षणभर धरून चालू की दावा खरा आहे" इथून सुरू होतो. दावा खरा धरला तर दाण्यांची चढउतारही दाव्यातल्याच प्रमाणावरून निघायला हवी.

(०.७० × ०.३० ÷ १००) चं वर्गमूळ = ०.०४५८
झेड = −०.०७ ÷ ०.०४५८ = −१.५३

कॅल्क्युलेटर बरोबर आहे. ०.६३ वरून काढलेली त्रुटी कॉन्फिडन्स इंटरव्हलसाठी (खरं प्रमाण ज्यात असावं असा पट्टा काढायला) वापरतात, कारण तिथे कुठलाच दावा खरा धरलेला नसतो. (मराठीत आपण "प्रमाण" हा एकच शब्द दोन कामांना जुंपलाय. प्रमाण त्रुटीतलं प्रमाण वेगळं आणि शंभरात किती हे प्रमाण वेगळं. वर दाव्यातलं प्रमाणही पी आणि पी-व्हॅल्यूही पी. वर्गात निम्मी मुलं इथेच अडखळतात.)

आता दिशा. लेबल "किमान ७०%" म्हणतं. ८५% उगवलं तर कुणी तक्रार करणार नाही. म्हणून पर्यायी परिकल्पना "०.७० पेक्षा कमी" अशी एकाच बाजूची. −१.५३ च्या डावीकडचं क्षेत्रफळ ०.०६३. तेवढीच तुमची पी-व्हॅल्यू. मात्र ही बाजू दाणे मोजण्याआधी ठरलेली हवी. ६३ आकडा पाहून "मग डावीकडचीच घेऊ" म्हणणं म्हणजे स्वतःलाच सूट देणं. तुमच्या बाबतीत बाजू लेबलवरच्या "किमान" शब्दानेच ठरवून दिलीय, त्यामुळे अडचण नाही.

०.०६३ चा अर्थ: पिशवीतले खरोखर ७०% दाणे उगवणारे असतील आणि अशी शंभर-शंभर दाण्यांची चाचणी पुन्हापुन्हा केली, तर झेडच्या अंदाजाने दर हजार चाचण्यांत ६३ वेळा नुसत्या योगायोगाने ६३ किंवा त्याहून कमी दाणे उगवतील. दावा खरा असण्याची शक्यता हा आकडा सांगत नाही. सांगूही शकत नाही, कारण दावा खरा आहे हे गृहीत धरूनच तो काढलाय.

म्हणून निष्कर्षाची भाषा बदला. "दावा खरा ठरला" असं लिहू नका. "१०० दाण्यांच्या पुराव्यावर ५% पातळीला दावा फेटाळता येत नाही" एवढंच लिहा. पुराव्याअभावी सुटणं आणि निर्दोष असणं यांत फरक आहेच.

अटीही तपासून घ्या. दावा खरा असता तर उगवायला हवेत ७०, न उगवायला हवेत ३०. दोन्ही १० च्या वर, म्हणून झेड चालेल. शंभर दाण्यांचं वजन सुमारे १२ ग्रॅम धरलं तर ३० किलोत अडीच लाख दाणे येतात. त्यातले १०० काढल्याने उरलेल्यांचं प्रमाण हलत नाही, तीही अट पुरी. राहिली सगळ्यात महत्त्वाची: दाणे न निवडता घेतलेले हवेत आणि एका दाण्याच्या उगवण्याचा दुसऱ्यावर परिणाम नको. ही गणितात दिसत नाही, गोणपाटावर दिसते. त्याबद्दल बीजतपासणीवाले लिहितील तर बरं.

---

तासिका दुसरी

एक पुरवणी. १०० दाण्यांना झेड लावणं म्हणजे अंदाजाला अंदाज. थेट द्विपद वितरणातून (उगवला की नाही, अशा मोजणीच्या नेमक्या शक्यतांवरून) काढा. एक्सेलमध्ये बायनॉम-डिस्ट फलनाला ६३, १००, ०.७ आणि ट्रू द्या. उत्तर ०.०८ च्या आसपास येईल. ०.०६३ आणि ०.०८ मध्ये निर्णय बदलत नाही, पण ६२ दाणे उगवले असते तर बदलला असता. झेड सांगतं पी ०.०४०, फेटाळा. द्विपद सांगतं ०.०५३, फेटाळू नका. नेमक्या गणिताने १०० पैकी ६१ किंवा कमी उगवले तरच दावा फेटाळता येतो.

आर (संख्याशास्त्राची संगणक प्रणाली) वापरणाऱ्यांसाठी: तिथली प्रमाणाची चाचणी झेडऐवजी काई-वर्ग (अपेक्षेपासूनच्या फरकांचे वर्ग करून काढलेला आकडा) दाखवते आणि आपण न सांगताही अर्ध्या दाण्याची दुरुस्ती करते. त्यामुळे हाताने काढलेल्या झेडचा वर्ग केला तरी तिच्याशी जुळत नाही. दुरुस्ती बंद करा, २.३३ मिळेल. तोच १.५३ चा वर्ग.

---

काई-वर्ग

बरोबर. आता १०० पुरेसे आहेत का, याकडे येतो. उत्तर आहे: नाहीत. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला हाच भाग सगळ्यात मोलाचा आहे.

समजा पिशवीतली खरी उगवण ६३% च आहे, म्हणजे दावा खोटाच आहे. १०० दाण्यांत ६१ किंवा कमी उगवतील याची शक्यता किती? जेमतेम ३८%. म्हणजे दहा खोट्या पिशव्यांतल्या सहा या चाचणीतून सहीसलामत सुटतील. "फेटाळता आला नाही" या वाक्याला १०० दाण्यांवर फारसा अर्थ का नाही, ते यावरून कळेल.

४०० दाणे घ्या. प्रमाण त्रुटी निम्मी होते, ०.०२२९. फेटाळण्याची सीमा (५% पातळीला एका बाजूची झेडची सीमा १.६४५) ०.७० − १.६४५ × ०.०२२९ = ०.६६२, म्हणजे ४०० पैकी २६४ किंवा कमी. खरी उगवण ६३% असेल तर ही चाचणी तिला ९०% वेळा पकडते. चौपट दाण्यांना खर्च किती? तीन गोणपाटं आणि अर्ध्या पावशेराहूनही कमी बी.

किती टक्क्यांचा फरक पकडायचाय त्यावर दाणे ठरतात. ५% पातळी आणि ८०% वेळा पकडण्याची ताकद धरली तर:

खरी उगवण ६०% असेल तर १३६ दाणे
६३% असेल तर २७५
६५% असेल तर ५३४

फरक निम्मा झाला की दाणे जवळपास चौपट लागतात. ७०% चं लेबल आणि ६८% ची पिशवी हा वाद गोणपाटावर सुटणार नाही, त्याच्या नादी लागू नका.

आणि नुसतं "फेटाळलं, नाही फेटाळलं" यावर थांबू नका, इंटरव्हलही काढा. १०० पैकी ६३ वरून विल्सनच्या सूत्राने ९५% इंटरव्हल येतो ५३% ते ७२%. तुमच्या गटातले दोन्ही तट याच पट्ट्यात बसतात, म्हणून भांडण मिटत नाहीये.

---

बीजतपासणी

मला आकडेमोडीपेक्षा ६३ हा आकडा कसा आला याची काळजी जास्त आहे.

"उगवलेला" म्हणून काय मोजलं? पांढरं मूळ टरफलातून बाहेर आलं की लोक दाणा उगवला म्हणतात. प्रयोगशाळेत तसं चालत नाही. मूळ, देठ, दोन्ही डाळिंब्या, मधला शेंडा असं सगळं धड असलेलं रोपटं सामान्य म्हणून मोजतात. मूळ आलंय पण टोक खुंटलंय, डाळिंब्या अर्ध्याहून जास्त सडल्यात किंवा तुटल्यात, देठ पिळवटलाय, अशी रोपटी विकृत धरतात आणि न उगवलेल्यांत जातात. सोयाबीनमध्ये हे फार होतं, कारण टरफल पातळ असतं आणि मळणीयंत्राचा वेग जास्त ठेवला किंवा पोती उंचावरून आदळली की आतला गर्भ दुखावतो. दाणा वरून चांगला दिसतो. मोजण्याची पद्धत बदलली तर ६३ चे ५७ किंवा ६८ होऊ शकतात, मग झेड कितीही दशांशांपर्यंत काढा.

दाणे कुठून घेतले? पिशवीच्या तोंडाशी हात घालून घेतलेली मूठ ही वरच्या थराची मूठ असते. पिशवी रिकामी करून ढीग करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा मिसळा, पुन्हा चार भाग. असं दोन-तीनदा झालं की उरलेल्या ढिगातून एका कडेने येतील तसे दाणे मोजा. टपोरे दाणे निवडायचे नाहीत आणि सुरकुतलेले टाकून द्यायचे नाहीत. मोजायला बसलेल्या माणसाचा हात नकळत चांगल्या दाण्याकडे जातो, म्हणून ओळीने मोजणं महत्त्वाचं. फुटलेला दाणा अर्ध्यापेक्षा मोठा असेल तर तो दाणा धरतात, लहान असेल तर काडीकचऱ्यात.

सोयाबीन आधी भिजत घालू नका. कोरडा दाणा एकदम पाणी प्याला की गर्भाच्या पेशी फाटतात आणि चांगलं बीही मरतं. गोणपाट भिजवून, पिळून घ्या. हाताला ओल लागावी, पाणी गळू नये. गुंडाळी सैल, सावलीत. पहिली मोजणी पाचव्या दिवशी आणि शेवटची आठव्या. पाचव्या दिवशी धड रोपटी मोजून काढून टाका, कुजलेले दाणेही बाहेर काढा, नाहीतर बुरशी शेजाऱ्यांना लागते. बुरशीनाशक लावलेलं आणि न लावलेलं बी एका चाचणीत मिसळू नका.

प्रयोगशाळेतही ४०० दाणेच लावतात, शंभराचे चार संच करून. चार वेगळे संच का, ते पुढे उपयोगी पडेल.

---

गोणपाट

इतकं सगळं करायचं तर प्रयोगशाळेतच पाठवा की. आणि हे ५% कुणी ठरवलं? शेतकऱ्याचं दुबार पेरणीचं नुकसान त्यात कुठे आहे?

---

काई-वर्ग

५% ची प्रथा रूढ झाली ती फिशर यांच्यामुळे, इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात ते काम करत असताना, १९२५ च्या सुमारास. म्हणजे आकडा शेताच्या बांधावरचाच आहे, पण दुसऱ्याच्या. तो दगडावरची रेघ नाही.

दोन चुका आहेत आणि दोघींची किंमत वेगळी. चांगल्या पिशवीला खोटं ठरवलं तर विक्रेत्यावर नाहक आळ. खोटी पिशवी चांगली समजून पेरली तर दुबार पेरणी, बियाण्याचा खर्च दुप्पट आणि हंगाम पंधरा दिवस मागे. तक्रार करायची असेल तर पहिली चूक टाळा, ५% किंवा १% ठेवा. "ही पिशवी पेरू की बदलून घेऊ" एवढंच ठरवायचं असेल तर दुसरी चूक महाग आहे, १०% सुद्धा चालेल. १०% ला सीमा −१.२८ ची, म्हणजे तुमचे ६३ दाणे तिथे दावा फेटाळतात. एकाच आकडेवारीवर तक्रार करू नये पण पिशवी बदलून मागावी, यात विसंगती काही नाही. फक्त पातळी आधी ठरवा. ०.०६३ पाहून पातळी ०.१० केली तर ती पातळी नाही, पळवाट आहे.

---

बीजतपासणी

तक्रारीपुरतं सांगतो. घरची चाचणी कायद्याच्या कामाची नाही. बियाणे अधिनियम, १९६६ नुसार नमुना बियाणे निरीक्षक काढतो, त्याचे तीन भाग होतात: एक ज्याच्याकडून घेतला त्याला, एक बीज विश्लेषकाकडे, एक राखून. सोयाबीनचा प्रयोगशाळेला द्यायचा नमुना एक किलोचा. घरच्या चाचणीचा उपयोग निरीक्षकाला बोलवायचं की नाही हे ठरवण्यापुरता. म्हणून लेबल, पिशवी, पावती आणि थोडं बी न पेरता शिल्लक ठेवा.

---

पेरणीआधी

सांगितल्याप्रमाणे नव्याने केलं. ढीग, चार भाग, ४०० दाणे, चार गोणपाटं, फक्त धड रोपटी मोजली. ५% पातळी आणि एकच बाजू आधी वहीत लिहून ठेवली.

गोणपाट १: ७८
गोणपाट २: ७०
गोणपाट ३: ५५
गोणपाट ४: ४९
एकूण २५२, म्हणजे ६३%

झेड = −०.०७ ÷ ०.०२२९ = −३.०६, पी-व्हॅल्यू ०.००१. २५२ हे २६४ च्या बरंच खाली. आता तरी दावा फेटाळला ना?

---

काई-वर्ग

नाही. आणि चार आकडे वेगळे दिलेत म्हणूनच हे कळलं, नुसतं २५२ लिहिलं असतं तर मीही हो म्हटलं असतं.

४०० दाणे एकाच पिशवीतले, नीट मिसळलेले, सारख्या वागणुकीचे असतील तर चारही गोणपाटं ६३ च्या आसपास हवीत. किती आसपास? शंभरच्या संचाचं विचलन ६३ × ०.३७ चं वर्गमूळ, म्हणजे ४.८. आता ६३ पासूनचे फरक बघा: १५, ७, −८, −१४. वर्गांची बेरीज २२५ + ४९ + ६४ + १९६ = ५३४. भागिले २३.३१ (म्हणजे ६३ × ०.३७), काई-वर्ग २२.९. तीन स्वातंत्र्य मात्रांना (चार संचांतून एक वजा) ५% ची सीमा ७.८१ आहे. हा निव्वळ योगायोग नाही. गोणपाटांमध्ये काहीतरी वेगळं घडलंय.

तसं असेल तर ४०० दाणे म्हणजे ४०० स्वतंत्र साक्षीदार नाहीत. एका गोणपाटातले शंभर जण एकाच सुरात बोलतायत. झेडला ते कळत नाही, तो ४०० च मोजतो, म्हणून त्रुटी खोटी लहान येते आणि पी-व्हॅल्यूही खोटी लहान दिसते.

गोणपाटालाच एकक धरून पाहा. चार आकड्यांची सरासरी ६३, विचलन १३.३, सरासरीची त्रुटी १३.३ ÷ २ = ६.६७. टी (थोड्या आकड्यांसाठीचं झेडचं रूप) = −७ ÷ ६.६७ = −१.०५. तीन मात्रांना ५% ची सीमा −२.३५. जवळपासही नाही. बेरीज तीच २५२, उत्तर उलटं.

हेच चार आकडे ७१, ६६, ५८, ५७ असते तर? बेरीज तीच. फरकांच्या वर्गांची बेरीज १३४, काई-वर्ग ५.७, सीमेच्या आत. तिथे मी झेड वापरला असता आणि दावा फेटाळला असता. कुणी म्हणेल, तिथेही टी लावा. लावलं तर −२.१० येतं, थोडक्यात चुकतं. चार आकड्यांवरचं टी हे दुबळं हत्यार आहे, म्हणून संच एकमेकांशी जुळत असताना दाण्यांची माहिती वाया घालवू नये असं माझं मत. यावर मतभेद असू शकतात.

---

बीजतपासणी

प्रयोगशाळेत यासाठी तक्ता असतो. ५६ ते ६६% सरासरीला चार संचांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांतला फरक १९ पर्यंत चालतो. तुमचा ७८ − ४९ = २९. निकाल द्यायचाच नाही, चाचणी पुन्हा करायची. वरच्या गणिताशी तो तक्ता जुळतो, त्यात जादू काही नाही.

पुन्हा करण्याआधी तिसरी-चौथी गुंडाळी उलगडून न उगवलेले दाणे बोटाने दाबून बघा. सगळीकडे विखुरलेले मऊ, कुजके दाणे असतील तर दोष बियाण्याचा असू शकतो. एका बाजूला, घडीच्या तळाशी, ओळीच्या ओळी कुजल्या असतील तर तिथे पाणी साचलं आणि हवा मिळाली नाही, दोष गोणपाटाचा. खताचं किंवा मिठाचं जुनं पोतं वापरलं नाही ना, तेही पाहा. चौथ्या गोणपाटाला सगळ्यात शेवटी उरलेले दाणे गेले असतील तर मिसळण्यात गडबड आहे: बारीक आणि फुटके दाणे ढिगाच्या तळाशी जातात. पुढच्या वेळी मोजलेला पहिला दाणा पहिल्या गोणपाटावर, दुसरा दुसऱ्यावर, असे पत्ते वाटल्यासारखे वाटा.

---

तासिका दुसरी

फेरचाचणीचा नियमही आताच लिहा, नाहीतर "हवं ते उत्तर येईपर्यंत चाचणी" होईल. पहिली चाचणी बाद होतेय ती फरक १९ च्या वर गेला म्हणून, निकाल आवडला नाही म्हणून नव्हे. दुसऱ्या चाचणीत फरक मर्यादेत असेल तर तोच निकाल, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

आणि गटात २० पिशव्या असतील तर प्रत्येकीची चाचणी करून सगळ्यात वाईट पिशवी घेऊन फिरू नका. वीसच्या वीस पिशव्या बरोबर ७०% च्या असल्या तरी ५% पातळीला एखादी तरी "खोटी" निघण्याची शक्यता ६४% असते. लॉट नंबर एकच असेल तर प्रत्येक पिशवीतून थोडं थोडं बी काढून एकत्र नमुना करा. एका पिशवीतले ४०० दाणे त्या एका पिशवीबद्दलच बोलतात, लॉटबद्दल नाही.

---

गोणपाट

पेरणी तोंडावर आलीय आणि फेरचाचणीला आणखी आठ दिवस. तोवर काय?

---

बीजतपासणी

बदलून मिळत असेल तर बदला. नसेल तर चाचणी चालू ठेवून बियाण्याचं प्रमाण वाढवण्याची तयारी ठेवा. ७०% ला एकरी ३० किलो धरतात, मग ६३% ला ३० × ७० ÷ ६३ = ३३.३ किलो. ६०% ला ३५. त्याच्या बरंच खाली गेलं तर बी वाढवण्यात अर्थ नाही: उरलेली रोपंही अशक्त असतात आणि पेरणीनंतर जमिनीवर पपडी धरली की ती वर येत नाहीत. गोणपाटावरची उगवण ही नेहमी शेतातल्यापेक्षा लाडाची असते.

---

काउंटरमागून

विक्रेत्याच्या बाजूने विचारतो. आमच्याकडच्या एका लॉटचे ४०० पैकी २८३ उगवले, चारही संच जवळजवळ सारखे. ७०.७५% होतात. "चाचणीने ७०% सिद्ध" असा कागद लावला तर चालेल का?

---

काई-वर्ग

"सिद्ध" नको. सिद्ध करायचं असेल तर ओझं तुमच्यावर येतं आणि परिकल्पना उलटतात. शून्य परिकल्पना: प्रमाण ०.७० किंवा कमी. पर्यायी: ०.७० पेक्षा जास्त. तुमचं झेड = ०.००७५ ÷ ०.०२२९ = ०.३३, पी-व्हॅल्यू ०.३७. काहीच सिद्ध झालं नाही. ४०० दाण्यांवर ७०% च्या वर असल्याचं ५% पातळीला म्हणायला किमान २९६ उगवायला हवेत.

म्हणजे २६४ पर्यंत शेतकरी जिंकतो, २९६ पासून तुम्ही, आणि २६५ ते २९५ या पट्ट्यात कुणीच नाही. तिथे ज्याला काही सिद्ध करायचंय त्याच्या विरुद्ध बाजूला संशयाचा फायदा मिळतो. म्हणून "चाचणी कुणी केली" यापेक्षा "शून्य परिकल्पना कुणाच्या बाजूची होती" हे आधी विचारावं.

कागदावर लॉट नंबर, चाचणीची तारीख, "४०० पैकी २८३" आणि चार संचांचे चार आकडे लिहा. इंटरव्हल लिहायचा असेल तर ६६% ते ७५%.